पितळेची पिन

एकदा एका गृहस्थाकडे एक जुनी जीप होती. गोष्ट माणसापासून सुरू करण्याची रीत आहे; पण या गृहस्थाच्या घरी पहिला मान जीपचा असल्यामुळे तिच्यापासूनच सुरुवात केलेली बरी. घाटमाथ्यावरच्या एका गावात तो राहत असे. सोमवार ते शुक्रवार कारखान्यातली यंत्रे सांभाळायची आणि शनिवार उजाडला की जुना शर्ट चढवून अंगणात जीपखाली शिरायचे, हा त्याचा नेम. चारही चाकांना जोर मिळणारी ती दणकट गाडी. तिच्या स्प्रिंगचे पाटे त्याने बदलले, जाड टायर घातले, पुढे दिव्यांची रांग लावली. नदी ओलांडताना इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवेची नळी थेट छतापर्यंत नेली. नदी मात्र त्या जीपने अजून पाहिली नव्हती आणि चिखलाशी तिची जी काही ओळख होती ती धुलाईच्या वेळची.

हसू येण्यासारखी गोष्ट आहे खरी. पण त्या अंगणातून येता-जाता कुणी हसत नसे, कारण हा माणूस कुणासाठी जीप सजवतो आहे हे गावाला ठाऊक होते. या कथेत कुणाचेच नाव सांगण्याची गरज नाही, एकाचे सोडून. गृहस्थाला एकुलता एक मुलगा होता. त्याचे नाव सारंग.

पूर्वी बापलेक मिळून जीप उघडत. आणि रविवारी दुपारपर्यंत त्यांचे हमखास वाजे. सुरुवात एखाद्या नटावरून होई. बाप म्हणे उजवीकडे, मुलगा म्हणे डावीकडे, आणि बघता बघता गाडी राहायची बाजूला आणि विषय पोचायचा मुलाच्या शिक्षणावर, त्याच्या मित्रांवर, तुम्ही माझं काही ऐकूनच घेत नाही यावर. सारंग हातातला पाना आपटून बाहेर पडे. त्याची आई पदराला हात पुसत ओट्यावर येई आणि दोघांचाही उद्धार करी. संध्याकाळी मात्र तिघे एका पंगतीला पिठले-भाकरी खायला बसत आणि सारंगच आधी हसे. त्या घराचा हा असा रविवार होता आणि शेजाऱ्यांना तो पाठ झाला होता.

गृहस्थाला त्याचा वीट आला. यंत्रांत वावरणारा माणूस. खडखड ऐकली की ती बंद कशी करायची एवढेच त्याला सुचे. एका रविवारी त्याने शांतपणे दोघांना सांगून टाकले की आजपासून अंगणात फक्त गाडीचे बोलायचे, आणि या घरात कुणाचाही आवाज चढलेला चालणार नाही. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर असे काही होते की मायलेकांनी ते निमूट मानले. घर शांत झाले. शेजारी म्हणाले, सुधारला हो मुलगा. त्या शांततेचा गृहस्थाला इतका अभिमान वाटे की जीपला केलेल्या कुठल्याच सुधारणेचा त्याला तेवढा वाटला नसेल. सारंग पाना मागितला की पाना देई, जॅक लाव म्हटले की जॅक लावी. चुकूनही वाद घालत नसे.

असे एक वर्ष गेले, आणि मग एका शनिवारी सकाळी तो घर सोडून गेला. भांडण नाही, शब्द नाही. जीपची किल्ली खिळ्याला अडकवलेली होती आणि त्याची पिशवी नव्हती. त्याच्या एका मित्राकडून पुढे एवढेच कळले की तो दूरच्या शहरात आहे, बरा आहे, आणि त्याला शोधू नये असे त्याचे म्हणणे आहे. त्याचा फोन लागेनासा झाला. वर्ष उलटले, तरी लागेना.

तेव्हापासून गृहस्थ एकटाच जीपखाली शिरू लागला. सारंग आला की गाडी तयार असावी, हे त्याचे कारण. पण आतून तो पार खचला होता. एक काम संपले की तो घाईघाईने दुसरे काढी. बायको ओट्यावर चहाचा कप ठेवून आत जाई. दोघांत बोलणे होई ते चहाचे, दुधाचे आणि गॅसच्या टाकीचे. मुलाचे नाव त्या घरात कुणी उच्चारत नसे, कारण नाव उच्चारले की आवाज चढणार, आणि आवाज चढायचा नाही असे ठरले होते.

जीपला शेवटची भर घातली ती विंचची. बंपरवर बसवलेले हे तारेचा दोर गुंडाळणारे यंत्र. गाडी रुतली की दोर झाडाला बांधायचा आणि इंजिनाच्या जोरावर स्वतःला ओढून काढायचे. भंगारातल्या एका ट्रकची विंच त्याला मिळाली आणि सोबत पितळेच्या पिनांनी भरलेला एक डबा. इंजिनाचा जोर विंचकडे नेणाऱ्या दांड्यात यातली एक पिन बसते. घरामागच्या उतारावर एक धोंडा होता. तो ओढून काढून तिथे जीपसाठी छप्पर घालायचे त्याने ठरवले. दोर ताणला की पिन टक् करून मोडे. दुसरी घाली, तीही मोडे. जुन्या मालकाने पैसे वाचवायला असला मऊ माल वापरला असणार, असे त्याने मनाशी पक्के केले. कारखान्यातल्या लेथवर त्याने जुन्या ॲक्सलच्या पोलादाची पिन कातली, लाल तापवून तेलात बुडवली, आणि बसवली. मग दोर ताणला. पिन मोडली नाही. धोंडा हललाही नाही. विंचचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, कवच मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडकले.

असले कवच आता कुठेही मिळत नव्हते. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक वृद्ध गुरुजी राहत. तंत्रशाळेत त्यांनी अनेकांना कानशी धरायला शिकवले होते, त्यात हा गृहस्थही होता, आणि आजही काही अडले की तो शाळकरी पोरासारखा त्यांच्याकडे जाई. शनिवारी तो जीप घेऊन त्यांच्या अंगणात उभा राहिला. कवचावर जाड पट्ट्या मारून ते मजबूत करून द्यावे, अशी त्याने विनंती केली. पिन शाबूत असल्याचे त्याने दोनदा सांगितले.

गुरुजींनी पोलादाची पिन हातात घेऊन उन्हात फिरवून पाहिली. काम सुरेख झालंय, असे ते म्हणाले, आणि ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. पट्ट्यांबद्दल ते काहीच बोलले नाहीत. दिवसभर दोघांनी मिळून ते बीड हळूहळू तापवले, तडा वितळलेल्या पितळेने झाळून सांधला आणि कवच एकदम निवू नये म्हणून राखेत पुरून ठेवले. रविवारी सकाळी ते बाहेर काढले तेव्हा काळ्या बिडावर एक पिवळी रेघ आरपार गेली होती.

विंच जोडून झाली. आणि मग गुरुजींनी जे केले ते पाहून गृहस्थाला वाटले, आता यांचे वय झाले. त्यांनी डब्यातली पितळेची एक पिन घेतली, ती चिमट्यात धरली, आणि कानशीने तिच्या मधोमध गोल खाच पाडली. आधीच मऊ, त्यात आणखी अशक्त केली. ती बसवून दोर चिंचेच्या बुंध्याला बांधला आणि त्याला इंजिन चालू करायला सांगितले. दोर ताणला, टक् झाले, पिन मोडली. गुरुजींनी दुसरी घेतली, तिलाही खाच पाडली, तीही मोडली. तिसरी घेऊ लागले तेव्हा गृहस्थाने इंजिन बंद केले.

"गुरुजी, मोडण्यासाठीच बसवायची असेल तर बसवायची कशाला?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता आणि ते त्याच्या लक्षात आले नव्हते.

गुरुजी चिंचेखालच्या फरशीवर बसले. त्यांनी त्यालाही बसवले.

"मोडण्यासाठीच," ते म्हणाले. "ज्याने ही विंच केली त्याच्याकडे पोलाद नव्हतं, असं वाटलं का तुला? त्याला एवढं कळत होतं, की कधी ना कधी ओढ झेपण्यापलीकडे जाणार. तेव्हा काहीतरी मोडणार, ते कुणालाच टळत नाही. मोडावं काय, तेवढं ठरवणं त्याच्या हातात होतं. म्हणून जे हाताशी असतं, जे पुन्हा घालता येतं, ते त्याने मोडायला ठेवलं. पिन मोडते म्हणजे ती सांगते, बाबा, थांब, फार होतंय. तू तिचं सांगणं बंद केलंस. ओढ तेवढीच राहिली. ती बिडात शिरली."

गृहस्थ दोराकडे पाहत राहिला. गुरुजींनी हलक्या आवाजात विचारले, "सारंग रविवारी भांडायचा ना रे?"

वर्षभरात ते नाव त्याच्यासमोर कुणी घेतले नव्हते. पाना आपटल्याचा आवाज, ओट्यावरून बायकोची सरबत्ती, संध्याकाळचे पिठले, हे सगळे त्याच्या अंगावर एकदम आले. दर आठवड्याला काहीतरी मोडत होते आणि दर आठवड्याला ते पुन्हा घातले जात होते. मग त्याने ते मोडणे बंद केले होते. मुलाच्या मनातली ओढ कुठे गेली असेल, हे त्याने त्या शांत वर्षात एकदाही विचारले नव्हते. उलट, घर किती छान चालले आहे म्हणून तो खूश होता. आपण आपल्या हाताने आपले पोर घालवले, हे त्याला इतके स्वच्छ दिसले की त्याने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. तळहातांना तेलाचा वास येत होता.

गुरुजींनी त्याला रडू दिले. गावाने तुझ्या शांत घराचं कौतुक केलं तेव्हा मीही केलं होतं, एवढेच ते म्हणाले.

बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "आता पिन बदलून काय उपयोग? फुटायचं ते फुटलं. तो येईल का परत?"

"मला माहीत नाही," गुरुजी म्हणाले. "तुला खोटा धीर देणार नाही. बीड झाळता येतं, पण ती रेघ राहते, आणि कधी कधी सांधा धरतही नाही. पण अरे, तुझ्या घरात अजून एक माणूस आहे. तिच्यात तू कसली पिन घातली आहेस, ते आधी बघ."

घरी परतेपर्यंत दुपार झाली होती. बायकोने नेहमीप्रमाणे ओट्यावर कप ठेवला आणि ती वळली. त्याने तिला बस म्हटले. भाजी करपेल, ती म्हणाली. करपू दे, तो म्हणाला. ती उंबऱ्याशी उभीच राहिली, पदराचे टोक बोटाला गुंडाळत.

"सारंग गेल्यापासून तुला जे बोलायचं होतं," तो म्हणाला, "ते बोल. मी अडवणार नाही."

ती आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. गृहस्थाला वाटले, संपले, आता इथेही काही उरले नाही. मग ती बाहेर आली, आणि बोलू लागली. आधी हळू, मग हळू राहिली नाही. "तुम्ही घालवलंत त्याला. वर्षभर तो ताटावर मान खाली घालून जेवत होता, आणि तुम्ही म्हणत होता, कसा शहाणा झालाय. मला दिसत होतं सगळं. मी गप्प बसले, तुमच्यासाठी. पोर गेलं माझं." शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ बारीक केला. ती त्याच्या लोखंडाला बोलली, त्याच्या शिस्तीला बोलली, छतापर्यंत नेलेल्या त्या नळीला बोलली, आणि शेवटी स्वतःलाच बोलली. त्याला मध्येच सांगावेसे वाटले की आवाज कमी कर. त्याने सांगितले नाही. चहा गार होऊन गेला आणि भाजी खरोखरच करपली होती. संध्याकाळी दोघांनी ती तशीच खाल्ली.

सारंग आला नाही. हे लिहीपर्यंत तरी आलेला नाही, आणि येईल असे सांगून वाचकाला दिलासा देण्याचा मला अधिकार नाही. धोंडा उतारावर आहे तिथेच आहे. जीपमध्ये खाच पाडलेल्या पितळेच्या पिनांचा डबा असतो आणि शनिवार-रविवार गृहस्थ अजूनही अंगणात दिसतो. फरक पडला असेल तर एवढाच, की आतून कधी बायकोचा आवाज चढला तर तो हातातला पाना खाली ठेवतो आणि आत जातो.