बयाजीअण्णांनी मधला हाकलला

ही गोष्ट वाचली की माणूस शहाणा होतो, पैजेवर सांगतो! सांगणारा स्वतः अजून झालेला नाही, ते एक सोडा.

डोंगरातल्या एका गावात मधपाळांची एक सोसायटी होती. बयाजीअण्णा तिचे चेअरमन. पूर्वी गावात दलाल यायचे, मध मातीमोल भावाने उचलायचे आणि शहरात आपल्या नावावर विकायचे. अण्णांनी त्यांना वेशीबाहेर पिटाळलं. तेव्हापासून 'मधला माणूस' म्हटलं की अण्णांना गांधीलमाशी चावल्यासारखं व्हायचं. लग्न जमवणाऱ्यालासुद्धा ते चहा विचारत नसत.

आता सोसायटी वेबसाइटवरून थेट गिऱ्हाइकाला मध विकत होती. ती वेबसाइट सांभाळायची सुकन्या. गावचीच मुलगी, शिकलेली, आणि तोंडाने अण्णांनाही पुरून उरणारी. ती बहिणीच्या लग्नाला गेली आणि नेमकी तेव्हाच वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत भरत आली. प्रमाणपत्र म्हणजे दुकान खरं असल्याची ओळख. ते पटलं नाही तर गिऱ्हाइकाचा फोन लाल पाटी दाखवतो: सावध, हे ठिकाण सुरक्षित नाही.

अण्णा म्हणाले, "त्यात काय मोठंसं?" नवं प्रमाणपत्र त्यांनी स्वतःच सर्व्हरवर चढवलं. आपल्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तर कुलपाचं चिन्ह झोकात दिसलं. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

आणि ऑर्डरी थांबल्या. जांभळाचा मध बाटल्यांत भरून तयार, आणि घ्यायला कुणी नाही! साऱ्या मधपाळांची वर्षाची कमाई त्या बाटल्यांत अडकली. गिऱ्हाइकं फोन करून विचारायची, "तुमच्या दुकानात चोर बसलेत का हो?" पुण्याच्या गिऱ्हाइकाला तर संशय घ्यायला एरवीही लाल पाटी लागत नाही!

सुकन्या परत आली तेव्हा अण्णा तापलेलेच होते. "माझ्याकडे सगळं नीट दिसतंय. त्यांचे फोनच बावळट! तू सगळ्यांना मेसेज धाड. लाल पाटी आली तरी घाबरू नका, खुशाल पुढे जा."

"नाही धाडणार."

"चेअरमन मी आहे!"

"असाल. आज आपण त्यांना शिकवू, लाल पाटी दिसली तरी आत शिरा. उद्या एखादा भामटा आपल्या नावाने दुकान मांडेल. तिथेही लाल पाटी येईल, आणि आपली माणसं बिनधास्त आत शिरतील. लुटून घ्यायला त्यांना आपणच शिकवायचं?"

एवढं बोलून तिने वेबसाइटवरचं दुकानच बंद केलं. संचालक धावत आले. एरवी बैठकीत डुलक्या काढणारी ही मंडळी, त्या दिवशी मात्र सगळी जागी होती.

सुकन्या एकेक गोष्ट तपासत गेली. मुदत? शिल्लक आहे. नाव? बरोबर. प्रमाणपत्राच्या जोडीची गुप्त चावी? जुळते. मग कॉम्प्युटरवर कुलूप आणि फोनवर लाल पाटी, हे कसं? सर्व्हर बाहेर नेमकं काय पाठवतो ते तिने पाहिलं, आणि मान वर केली.

"अण्णा, प्रमाणपत्राबरोबर आणखी एक फाइल आली असेल. कुठाय ती?"

"उडवली."

"का?"

अण्णांनी छाती पुढे काढली. "ती आपली नव्हतीच, तिच्यावर दुसऱ्याचंच नाव! मी चौकशी केली, हा कोण? तर म्हणे, प्रमाणपत्रं देणारी वरची मोठी कचेरी आणि आपण, यांच्या मधला. म्हटलं, आमच्या दारात मधला नको!"

सुकन्याने कपाळावर हात मारला. "अहो, फोन ओळखतो ते त्या मोठ्या कचेरीला. आपल्याला तो कुठून ओळखणार? आपल्या प्रमाणपत्रावर सही या मधल्याची, आणि मधल्याच्या प्रमाणपत्रावर सही मोठ्या कचेरीची. तुम्ही मधलाच हाकललात, मग आपली ओळख सांगणार कोण? तुमच्या कॉम्प्युटरला तो आधी दुसऱ्या वेबसाइटवर भेटलाय, म्हणून त्याचं भागलं."

तिने ती फाइल परत मागवली, आपल्या प्रमाणपत्राखाली जोडली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. एकेका संचालकाच्या फोनवर कुलूप दिसू लागलं. दुकान उघडलं, ऑर्डरी वाहू लागल्या.

संचालक मिशीत हसत होते. अण्णांना ते झोंबलं. "मला न विचारता दुकान बंद केलंस! उद्यापासून कामावर यायचं नाही!"

"नाही येत," सुकन्या पिशवी उचलत म्हणाली. "पण अण्णा, माझ्या जागी जो नवा येईल ना, त्याला 'तुला इथं कोण ओळखतं?' असं मात्र विचारायचं नाही हं! ओळख सांगायला मधला लागतो, आणि तो तर तुम्हाला चालत नाही!"

तात्पर्य: लोकांना धोक्याच्या पाटीकडे डोळेझाक करायला शिकवू नये, आणि आपण कितीही खरे असलो तरी आपली ओळख पटवणाऱ्याला गर्वाने हाकलू नये.