साखर वाढली

“सर, इतकं समजावूनही ज्यांना कळत नाही, त्यांना पुन्हा काय सांगायचं?”

श्रीरंगच्या प्रश्नात राग होता. सुवर्णपदक मिळवून नुकताच कॅज्युअल्टीत रुजू झालेला हा तरुण डॉक्टर. हरायची सवय नव्हती त्याला. समोरच्या खाटेवर हौसाक्का बसल्या होत्या. मागच्याच आठवड्यात त्याने त्यांच्या रक्तातली साखर उतरवून त्यांना घरी पाठवलं होतं. आज सकाळी त्या पुन्हा भोवळ येऊन आल्या होत्या.

मुजावर सर खुर्चीत शांत बसून होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दुपारचा चहा ते इथेच घेत.

“आल्या तेव्हा किती होती?”

“मोजताच आली नाही. मशीनच्या पलीकडे गेली होती. नुसतं ‘हाय’ दाखवत होतं.”

सलाईन आणि इन्सुलिनने आक्का आता तरतरीत झाल्या होत्या. खाटेवरून आवाज आला, “खरं बोलतंय ते मशीन. म्हातारी अजून हाय!”

सर खदखदून हसले. श्रीरंग हसला नाही.

“अर्धा तास दिला होता मी यांना, सर. आजार, औषध, आहार… सगळं सांगितलं. पुन्हा अशाच आल्या तर?”

“पुन्हा इथवर पोचतील?”

श्रीरंगलाही तीच धास्ती होती.

“तू काय सांगितलंस, ते त्यांना विचार.”

“मी सांगितलेलं मलाच ठाऊक आहे की, सर.”

सरांनी हौसाक्कांकडे मान वळवली.

श्रीरंग नाइलाजाने वळला. “आजी, मागच्या खेपेला मी काय म्हणालो होतो?”

“तू म्हनलास, आजी, तुमची साखर वाढली. अंगात कमी पडतंय ते आता बाहेरनं द्यावं लागंल. मी घरी जाऊन सुनंला सांगितलं, साखर वाढलीया गं बाई. गुनाची पोर, लगीच दुकानातनं आनली. रोज वाटीभर शिरा, च्यात चमचा जास्तीचा. तरी बी गुन न्हाई बघ.”

“अहो आजी, वाढली म्हणजे जास्त झाली!”

“आता गं बया! घरातला डबा रिकामा झाला तर तुमच्यात काय म्हंत्यात? संपली म्हंत्यात व्हय? वाढली म्हंत्यात. मला वाटलं, किती वळनाचं पोरगं. एवढं शिकलं, तरी संपली म्हनलं न्हाई.”

श्रीरंगच्या कानात आईचा आवाज उमटला. ‘तांदूळ वाढलेत रे, येताना घेऊन ये.’ लहानपणापासून ऐकलेलं.

“बरं, आणि पथ्य? कार्बोहायड्रेट टाळा म्हणालो होतो ना?”

“ते तर जल्मात कवा खाल्लं न्हाई, बाबा. तुझ्या गळ्याची आन.”

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. श्रीरंगने हसू दाबायचा प्रयत्न केला, आणि मग खाटेचा दांडा धरून तोही हसत सुटला.

हसणं ओसरल्यावर तो खाटेच्या कडेवर बसला.

“आक्का, डबा रिकामा नाही. भरून सांडतोय. तुमच्या रक्तात साखर फार झालीय. कमी पडतंय ते ती जिरवणारं औषध. ते रोज सुईतून घ्यायचं. साखर, गूळ, शिरा बंद. भात-भाकरी बेताची, पण वेळेवर.”

“मग हे असं सरळ तवाच सांगायचं की रं!”

सर उठले. त्यांनी श्रीरंगच्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून हौसाक्कांच्या गळ्यात घातला. शेजारच्या रिकाम्या खाटेकडे बोट केलं. श्रीरंग क्षणभर घुटमळला… आणि आडवा झाला.

“डॉक्टर हौसाक्का, पेशंट आलाय.”

आक्कांनी पदर सावरला.

“काय रं, तोंडाला कोरड पडती? सारखं लघवीला लागतं? रगतात साखर लई झालीया तुझ्या. सुई चुकवायची न्हाई. उपाशी ऱ्हायाचं न्हाई. च्या बिनसाखरंचा. आनि भोवळ आली, वकाऱ्या व्हाय लागल्या, तर कुनाची वाट बघत बसायचं न्हाई, तडक हितं यायाचं. कळलं?”

“कळलं.”

“काय कळलं, सांग बघू.”

श्रीरंगने सांगितलं. सुई, चहा, भोवळ, उलट्या.

“आनि उपाशी ऱ्हायाचं न्हाई, ते कोन सांगनार? इसरलास! ध्यान कुठं असतंय रं तुझं?”

सुवर्णपदकवाला डॉक्टर कान पकडून उठून बसला. सवयीने हात गळ्याकडे गेला. गळा मोकळा होता. स्टेथोस्कोप आक्कांनी स्वतःच्याच छातीला लावला होता, आणि काहीतरी ऐकून त्या खूश दिसत होत्या.

त्याने सरांपुढे हात जोडले.

“सर, आज माझी सगळी विद्या संपली.”

सरांनी ओठांवर बोट ठेवलं…

“संपली म्हणू नये, श्रीरंग. वाढली म्हणावं.”