सोनबाने होडीला पंप बसवला

एका खाडीकाठच्या गावात सोनबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. त्याच्याकडे एक छोटी होडी होती. मासे धरायचे नाहीत, नुसतं हौसेने फिरायचं. लाटांचं पाणी आत उडायचं, तळाशी साचायचं आणि त्याची बायको सगुणा ते डब्याने उपसत बसायची.

एक दिवस ती म्हणाली, "अहो, रविवारी आई येतेय. तिला फिरवायचंय. होडीत पाणी उपसायचा पंप बसवा. तिचं नवं लुगडं भिजलं, तर मी तिच्याबरोबर माहेरी गेले म्हणून समजा."

सोनबा घाबरला. धावत दाऊद मिस्त्रींकडे गेला.

मिस्त्रींनी विचारलं, "तासाला किती पाणी काढायचंय?"

"मी तर दोनच तांबे पितो."

मग मिस्त्रींनीच पंप निवडला. "हा घे. सगळ्यात खोल जागी बसव."

सोनबाने गावात चौकशी केली. सगळ्यात खोल जागा खाडीच्या मधोमध. पंपाला दोरी बांधली आणि दिला सोडून.

"अरे, होडीतली खोल जागा!" मिस्त्री ओरडले. "काढ तो वर! आणि वायरींचे जोड उंच ठेव, पाण्यापासून लांब."

"बरोबर आहे," सोनबा म्हणाला. पंप होडीत बसवला आणि वायरींचे जोड काठावरच्या माडाच्या शेंड्याला बांधले. होडी निघाली. वायरी ताडकन तुटल्या.

"माडावर? अरे, सगळं होडीतच हवं! बाहेर काही म्हणजे काही नको!"

"बरोबर आहे." सोनबाने सगळं आत घेतलं. पाणी टाकायची नळीसुद्धा. पंप मागचं पाणी उपसून पुढे ओतायचा, ते वाहत परत मागे यायचं. दुपारपर्यंत पंप दमला. पाणी तेवढंच.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "नळीचं तोंड बाहेर काढ रे बाबा! आणि ऐक, पंप कोरडा चालवू नकोस. जळेल."

"कोरडा नाही, कोरडा नाही," घोकत सोनबा घरी आला. (सूचना घोकत मीही अशीच घरी येते. पण ते असो.)

रविवार उजाडला. खाडी अगदी शांत. सासूबाई नवं हिरवं लुगडं नेसून फळीवर बसल्या. शेजारी सगुणा. सोनबाने ऐटीत पंप सुरू केला. घर्रर्र!

"जावईबापू, होडी कशी कोरडी ठणठणीत ठेवलीत हो!"

सोनबा चटकन खाली वाकला. वाकून बघतो, तर खाली थेंब नाही. पंप जळणार!

"अहो, मग बंद करा ना तो," सगुणा म्हणाली.

"बंद? आणि आईंचं लुगडं भिजलं तर?"

होडी काठावर ओढली की साचलेलं पाणी सोडायला तळाशी एक बूच होतं. सोनबाने ते उपटलं.

पाणी कारंज्यासारखं वर आलं. पंप खुशीत उपसू लागला. बाहेर एक बादली, आत चार.

घाबरू नका, तिथे पाणी कमरेइतकंच होतं. होडी अलगद तळाला टेकली. सासूबाई बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. फक्त पाणी आता खांद्याला लागत होतं.

सगुणा उठली. "चल आई. मी येतेय तुझ्याबरोबर माहेरी."

"अगं, चालत कशाला?" सोनबा हातात बूच घेऊन म्हणाला. "होडीने सोडतो की! पंप जळलेला नाही!"