दुसरी घंटा

फार वर्षांपूर्वी शहरातल्या एका शाळेच्या सभागृहाखाली उंदीर राहत. वर मुलांच्या वादविवाद स्पर्धा ऐकून ऐकून त्यांनीही आपली एक सुरू केली. नियम तेच. पहिल्या घंटेला एक मिनिट उरलं असं समजायचं आणि दुसरीला तिथल्या तिथे थांबायचं.

त्या वर्षीचा विषय होता, 'मांजर धोकादायक आहे'. चिठ्ठीत दंतोपंतांच्या वाट्याला विरुद्ध बाजू आली.

"मांजराने ज्यांना खाल्लं म्हणतात, त्यांच्यापैकी एक तरी साक्षीला आलाय का?" दंतोपंतांनी विचारलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात घंटा किणकिणली.

दंतोपंतांची वहिनी नुकतीच गावच्या धान्यकोठारातून लग्न होऊन आली होती. ती सासूच्या कानाशी लागली. "आई, घंटा तर टेबलावर आहे, आणि ती वाजवणारे मामंजी झोपलेत."

"गप गं. तुझ्या भाऊजींचं शेवटचं मिनिट चाललंय. तुमच्या कोठारात स्पर्धा नव्हत्या वाटतं."

"नव्हत्या. मांजर होतं. त्याच्या गळ्यात अशीच घंटा होती."

"मुद्दा चांगला आहे, पण तू स्पर्धक नाहीस."

"भाऊजी, पळा," सून ओरडलीच.

"प्रेक्षकांनी व्यत्यय आणू नये," दंतोपंत म्हणाले.

दुसरी घंटा अगदी त्यांच्या पाठीशी वाजली. नियमाचे पक्के दंतोपंत जागच्या जागी थांबले आणि हात जोडून म्हणाले, "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो."

बाकीचे धापा टाकत बिळात पोहोचले. तिथे परीक्षकांनी निकाल दिला. पहिला नंबर दंतोपंतांचा, कारण त्यांचा एकही मुद्दा कुणाला खोडता आला नव्हता.

ढाल सासूबाईंनी स्वीकारली.