सलोमीचे देवाशी भांडण

प्रवरेच्या काठी खडकसांगवी गावात शांतवनबाबांचा मुक्काम होता. बाबा ख्रिस्तभक्त साधू. अंगावर जाडेभरडे धोतर, हाती एकतारी. चिंचेखाली बसून येशूची भजने गात. त्या वर्षी पटकीची साथ येऊन गेली होती आणि रडणे झाले नाही असे घर गावात उरले नव्हते.

सलोमी सुईण त्याच गावची. नवऱ्याला जाऊन वर्षे लोटली होती. पटकीने एका आठवड्यात तिचे दोन्ही मुलगेही नेले. पूर्वी मंडळीत गाताना तिचा आवाज सर्वांच्या पुढे असे. आता ती दर रविवारी प्रार्थनामंदिरात येई, मागे भिंतीशी बसे आणि ओठ उघडत नसे. बाळंतपणाला जाणेही तिने सोडले होते. दुसऱ्याचे पोर हातात घेववत नव्हते.

मंदिरात गाणी सांगणारे एलिया मास्तर एकदा सर्वांदेखत म्हणाले, "ज्याच्या पोटी विश्वास, त्याच्या मुखी आनंद. सलोमीबाई, मसणात बसल्यासारख्या इथं कशाला बसता? असलं तोंड घेऊन प्रभुभोजनाची भाकर घ्यायला येऊ नका."

सलोमी उठली आणि थेट बाबांपाशी आली.

"बाबा, खरंच देव गेला का माझ्यातला? गायला गेलं की छातीत नुसता जाळ उठतो. शिव्या द्याव्या वाटतात त्याला."

बाबांनी एकतारी खाली ठेवली. "मग दे, बाई."

ती चपापली. "देवाला?"

"दुसऱ्या कुणाला देशील? मला का टाकलंस म्हणून येशूनंही क्रुसावरून बापाला विचारलंच की! गाणं नसेल तर भांडण घेऊन जा. पण त्याच्यापुढं मुकी राहू नकोस."

सलोमी निघून गेली.

आठवड्याने मास्तरांची लेक युनीके अडली. दोन दिवस कळा देऊन पोरगी पांढरीफटक पडली. नदीला पूर, तालुक्याची वाट बंद. सलोमीच्या दारी जायला मास्तरांना तोंड नव्हते. भर दुपारी ते बाबांकडे धावले. बाबा तसेच उठून तिच्या दारात उभे राहिले.

"सलोमे, मास्तरांची लेक अडली आहे."

"माझी पोरं गेली तेव्हा हा माणूस दारापर्यंतसुद्धा आला नव्हता."

"नव्हता आला," बाबा म्हणाले. "त्याच्यासाठी मी सांगतच नाही. ती पोर मरते आहे."

सलोमी गेली. बाळ सुटले, पण ते निळे पडलेले. तिने नाकतोंड साफ केले, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. श्वास नाही. बायकांनी पदर तोंडाला लावले. ओसरीवर गुडघे टेकलेल्या बाबांना आतून आरोळी ऐकू आली.

"माझे दोघं नेलेस, मी गप्प बसले! आता हेही माझ्याच हातातून नेतोस? बाप म्हणवतोस ना? दे त्याला श्वास! नाहीतर पुन्हा या तोंडानं तुझं नाव घ्यायची नाही!"

मास्तर शहारले. बाबा मात्र हात जोडून म्हणाले, "ऐक, प्रभू. ऐक तिचं."

आणि केवढी त्या प्रभूची दया! इवलीशी छाती हलली आणि बाळाने टाहो फोडला.

पोराला उराशी धरून सलोमी मटकन खाली बसली. हसत होती, रडत होती. आपली दोघे परत येणार नाहीत हे तिला त्या क्षणीही कळत होते. तरी किती महिन्यांनी तिच्या आत काहीतरी गार पाझरू लागले.

बाहेर येऊन ती म्हणाली, "बाबा, त्यानं ऐकलं. मग माझ्या वेळी का नाही?"

बाबांचे डोळे भरले. "ते मलाही ठाऊक नाही, बाई. विचारत राहा."

मास्तर बाबांच्या पायांवर वाकले, तसे बाबा मागे सरले आणि त्यांनी सलोमीकडे बोट दाखवले. मास्तरांनी तिच्या रक्तामातीच्या पावलांवर डोके ठेवले. "बाई, चुकलो मी."

माफ केले असे ती म्हणाली नाही.

"उठा, मास्तर. लेकीला आधी गरम पेज द्या. रविवारी प्रभुभोजनाला मी येणार आहे. गाईन की नाही, ते अजून सांगता येत नाही."

मास्तर मान खाली घालून चुलीकडे गेले.