तांबीची दौत

समुद्र आजच्याहून जरा जास्त खारट होता, तेव्हाची ही गोष्ट. शंखात राहणाऱ्या खेकड्यांची एक रीत होती. ओहोटीनं किनारा उघडा पडला की ते रांगेनं घरं शोधायला निघत. पुढच्या मोठ्याला नवं घर मिळालं की त्याचा जुना शंख मागच्याला, मागच्याचा त्याच्या मागच्याला.

त्या दिवशी तांबी खेकडीला चिखलात रुतलेली चिनी मातीची जुनी दौत सापडली. ती आत शिरली, ऐसपैस बसली. पण जुना शंख काही नांगीतून सोडीना.

रांगेत तिच्या मागची गुंजी उघड्या अंगानं उभी होती. रीतीप्रमाणे आपला शंख तिनं केव्हाच मागच्याला देऊन टाकला होता.

"मावशी, सोड ना गं! वर घार फिरतेय."

"थांब जरा. ही दौत फुटली तर मी कुठं जाऊ? अडीनडीला असू दे."

घारीची सावली दोघींवरून सरकली. तांबीचा जीव टांगणीला लागला, तशी तिनं पकड आणखीच आवळली. एवढ्यात भरतीची लाट आली आणि गुळगुळीत दौत घरंगळू लागली. खडक हाताशी होता, पण नांगी मोकळी नव्हती. डोळे मिटून तांबीनं शंख सोडला आणि खडक पकडला.

लाट ओसरली. गुंजी शंखात शिरलेली होती. घार रिकामीच परतली.

रांगेच्या शेवटी एक इवलासा शंख कुणाचाच न होता उरला होता. तांबीची नांगी सवयीनं पुढं झाली आणि तिथंच थांबली.

"राहू दे," ती म्हणाली. "असेल कुणीतरी उघड्यावर."