चिमूटभर अधिक

“...तर मग शपथ घालायला हरकत ती काय, बुवा?”

अच्युतबुवा तुळशीची पाने निवडत होते. नदीकाठच्या त्या लहानशा दत्तमठात दुपारच्या नैवेद्याची वेळ होत आली होती. त्यांनी मान वर केली नाही.

“कोणाला?”

“ह्यांना. दुसऱ्या कोणाला?”

‘हे’ म्हणजे रघुवीरराव, कालिंदीबाईंचे यजमान. चोरी उघडी पडलेल्या माणसाने बसावे, तसे ते खांबाला टेकून बसले होते. उजव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती.

“काय केलं याने?”

“पेढे खाल्ले. स्कूटरच्या डिकीत पुडा लपवला होता, पुसायच्या फडक्याखाली. या वयात!”

“फडकं धुतलेलं होतं,” रघुवीरराव म्हणाले.

“ऐकलंत? ऐकलंत ना, बुवा?”

बुवांनी ऐकले. एक पान किडके निघाले, ते बाजूला ठेवले.

कालिंदीबाईंचा स्वर खाली आला.

“अंगठ्याची जखम महिना झाला तरी भरत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. साखर अशीच वर राहिली, तर नुसत्या अंगठ्यावर निभावायचं नाही. उद्या पाऊल...”

वाक्य तिथेच राहिले. ज्या बाईने उभ्या आयुष्यात वाक्य अर्धे सोडले नव्हते, तिचे ते वाक्य होते.

“माझं नाही ऐकत. आपला शब्द मोडायचे नाहीत.”

“घरात गोड काही करत नाहीस का?”

हाच प्रश्न बाईंना हवा होता. त्यांनी पिशवीतून डबा काढला, बुवांपुढे ठेवला आणि झाकण उघडले.

आत चॉकलेटचा केक होता. काळाभोर, गोल, काठाला कुठे चीर नाही, मध्ये कुठे खळगा नाही.

“मैदा नाही. साखर नाही, गूळ नाही, मध नाही. अंडं नाही, म्हणजे देवालाही चालतो. बदाम भिजवायचे, सोलायचे, उन्हात वाळवायचे, दळायचे. बाजारच्या बदामपिठावर माझा विश्वास नाही. कोको, दही, लोणी. साखरेच्या जागी गोड तुळशीची, त्या स्टीव्हियाची पूड. आळीतल्या बायका शिकायला येतात माझ्याकडे. त्यांना मी मोजून घालायला लावते. ह्यांच्यासाठी करते तेव्हा मात्र...” बाई किंचित अडखळल्या. “चिमूटभर अधिक घालते.”

“का?”

“पहिल्यांदा केला तेव्हा हे म्हणाले, गोड जरा कमी आहे. माणसाला गोडाची आवड. म्हटलं, तेवढं तरी मनासारखं मिळू दे.”

“नंतर?”

“नंतर दर खेपेला थोडी वाढवत गेले. तक्रार नाही पुन्हा.”

रघुवीरराव पायाच्या पट्टीकडे पाहत होते.

“आणि तुला कसा लागतो?” बुवांनी विचारले.

“मला?”

बाई ताठ झाल्या. या उत्तराचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपवावा असे त्यांना वाटत नव्हते.

“ह्यांना साखर निघाली, त्या दिवशी मी गोड सोडलं, बुवा. सणाला नाही, लग्नाला नाही. नेम म्हणजे नेम. आणि करताना चाखायचा प्रश्नच नाही. आमच्याकडे गोडाचा पदार्थ आधी देवापुढे जातो.”

“देवापुढून?”

“ह्यांच्यापुढे.”

बुवांनी निवडलेली पाने तबकात ठेवली.

ज्याचा त्याग मोठा, त्याला प्रश्न विचारायला लोक कचरतात. हळूहळू तोही स्वतःला विचारीनासा होतो.

बुवा उठले. डबा गाभाऱ्यात नेला. केकवर तुळशीचे पान ठेवले, पाणी फिरवले, डोळे मिटले. बाहेर आले तेव्हा डब्यात हात घालून त्यांनी केक मोडला. सुरी मागितली नाही. तो गोल, निर्दोष काठ कोसळला.

पहिला तुकडा बुवांनी त्यांच्यापुढेच धरला.

“बुवा, माझा नेम...”

“नैवेद्य दाखवलाय.”

प्रसाद नाकारणे बाईंच्या रक्तात नव्हते. त्यांनी उजवा हात पुढे केला, त्याखाली डावा धरला. तुकडा घेतला, कपाळाला लावला, तोंडात घातला.

क्षणभर काही नाही. मग जिभेच्या मुळाशी एक कडवटपणा उगवला. कोकोचा नव्हे, कोकोचा कडूपणा खानदानी असतो, येतो आणि जातो. हा तसा नव्हता. हा घशात उतरला आणि तिथेच बसला.

गोड तुळशीची पूड जास्त झाली, की कडू होते. आळीतल्या प्रत्येक बाईला कालिंदीबाईंनी हे बजावून सांगितले होते.

त्यांनी घास गिळला. समोर बुवा आपला तुकडा शांतपणे खात होते, भाकरी खावी तसा.

“बुवा, टाका तो. खाऊ नका.”

“का?”

बाई यजमानांकडे वळल्या.

“अहो... हा असाच असतो?”

“छान असतो,” रघुवीरराव म्हणाले.

“खरं सांगा.”

“खरंच सांगतोय. तू करतेस म्हणजे...” त्यांनी घाईने बुवांपुढे हात केला. “घाला शपथ, बुवा. पेढा सोडला. हिला उगाच त्रास नको.”

बुवांनी तो हात धरला. उताणा केला. आणि त्यावर केकचा तुकडा ठेवला.

रघुवीररावांनी तो तोंडात टाकला. सवयीने चावला, सवयीने गिळला. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. इतकी वर्षे गिरवलेला धडा होता तो.

“कसा आहे?” बुवांनी विचारले.

“छा...”

त्यांची नजर बायकोकडे गेली. बाईंचे डोळे भरले होते. पण त्यांनी ते पुसले नाहीत, आणि फिरवलेही नाहीत.

गाभाऱ्यातील समई तडतडली. नदीवर कोणी धुणे आपटीत होते...

“कडू आहे गं,” रघुवीरराव म्हणाले.

“कधीपासून?”

“दुसऱ्या खेपेपासून.”

“आणि बोलला नाहीत?”

“एकदा बोललो होतो ना. तर तू पूड वाढवलीस. म्हटलं, आता परत काही बोललो, तर ही आणखी वाढवील.”

बाईंना हसू आले. ते अर्ध्यावर मोडले.

“अहो, पण उष्टा टाकायचा होता. मला समजलं असतं.”

“कसा टाकू? बदाम सोलून सोलून तुझी नखं हुळहुळायची. जेवताना भात कालवता यायचा नाही. आणि तू समोर बसून बघायचीस, मी खातोय ते.” ते पट्टीकडे पाहत म्हणाले. “तो सगळा संपवायचा, आणि मग बाहेर पडायचं. तोंड कडू झालेलं असायचं. कोपऱ्यावर हलवाई...”

पुढचे बोलायची गरज राहिली नाही.

बाईंनी पदराने नाक पुसले. बराच वेळ त्या डब्यातल्या मोडक्या केककडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या,

“आणि माझा नेमही मोडला आज.”

“छे! शाबूत आहे तुझा नेम,” रघुवीरराव म्हणाले. “त्यात गोड होतं कुठे?”

या वेळी त्या मोकळेपणी हसल्या. हसता हसता त्यांचा हात यजमानांच्या पायाकडे गेला. सुटत आलेल्या पट्टीचे टोक त्यांनी नीट आत खोचले आणि हात तिथेच राहू दिला.

बुवा डब्याचे झाकण लावून उठले. पंगतीची पाने मांडायची होती.

बाई एकदम भानावर आल्या.

“बुवा! शपथ राहिली की ह्यांची.”

बुवा दाराशी थांबले. मागे वळून त्यांनी दोघांकडे पाहिले.

“झाली ना आत्ता. ‘कडू आहे’ म्हणाला, तेव्हाच.”